अठरा हजारांचा प्रोजेक्टर आणि गॅरेजमधली माणसं

पत्र थोडक्यात : नाशिकचे एक वाचक. वय ५१, सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या विभागात) २५ वर्षं. पत्नी शाळेत मराठी शिकवतात, मुलगा बी.कॉम.ला. गेल्या काही वर्षांत यांना एका वेगळ्याच प्रकारच्या सिनेमांचं वेड लागलंय. कमी पैशांत केलेले विज्ञानपट, ज्यांत यानं उडत नाहीत, शहरं कोसळत नाहीत. माणसं एका खोलीत बसतात आणि बोलतात. दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी १८ हजारांचा प्रोजेक्टर घेतला, गच्चीवर चादर ताणली आणि घरच्यांना व शेजारच्या दोन कुटुंबांना 'प्रायमर' दाखवला. शेजारी अर्ध्या तासात 'सकाळी पाणी लवकर येतं' म्हणून उठले. मुलगा म्हणाला, "बाबा, ही फिल्म नाही, मीटिंग आहे." पत्नी म्हणाल्या, "दोन माणसं गॅरेजमध्ये कामाचं बोलतायत, हे बघायला प्रोजेक्टर कशाला? तुमच्या कंपनीच्या गेटवर उभं राहिलं तरी फुकट दिसेल." तेव्हापासून प्रोजेक्टर खोक्यात. आता हे रात्री कानात इयरफोन घालून मोबाइलवर एक-एक वाजेपर्यंत एकटेच बघतात आणि त्यावरूनही घरात कुरबुर आहे. ते विचारतात, "हल्ली लोकांना डोकं चालवायचा कंटाळा येतो, की माझीच आवड दिखाऊ आहे? पत्नी आर्ट्सच्या, त्यांना विज्ञानाची गोडी कशी लावू?" खाली ता.क. आहे : त्यांनी स्वतःही अशी एक कथा लिहिलीय. रात्रपाळीतल्या दोघांना मोजमापाचं यंत्र अजून न कापलेल्या जॉबचा, म्हणजे यंत्रावर घडवायच्या धातूच्या तुकड्याचा, रिपोर्ट छापून देतं. चाळीस पानं, कपाटात, कुणाला दाखवलेली नाहीत.

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य वहिनींचं आहे. तुम्हाला ते टोमण्यासारखं लागलं, आणि होताच तो टोमणा. पण कंपनीच्या गेटवर ऐकू येणारं बोलणं आणि 'प्रायमर'मधलं बोलणं एकच आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं.

आधी माझी कबुली. 'प्रायमर' मी पहिल्यांदा लावला तेव्हा विसाव्या मिनिटाला चहा टाकायला उठले ती परत आलेच नाही. दुसऱ्यांदा पूर्ण पाहिला, आणि कालप्रवासाच्या त्या गोष्टीत कोण कुठल्या मंगळवारातून कुठल्या मंगळवारात गेलं हे मला अजूनही सांगता येणार नाही. २००४चा हा सिनेमा शेन करूथ नावाच्या गणित शिकलेल्या, इंजिनिअर म्हणून नोकरी केलेल्या माणसाने जेमतेम सात हजार डॉलरमध्ये केला, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वातीन लाखांच्या आसपास. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत, मुख्य भूमिका, सगळं त्याचंच. तरीही त्या वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. त्यातले दोघे नोकरी सांभाळून गॅरेजमध्ये काहीतरी खटपट करत असतात, आणि एक यंत्र भलतंच वागायला लागतं. ते एकमेकांशी बोलतात ते कामावर बोलतात तसं. अर्धी वाक्यं, आकडे, 'ते कालचं चेक केलंस का?' आपल्याकडे वळून कुणीही काही समजावून सांगत नाही.

बहुतेक विज्ञानपटांतला शास्त्रज्ञ शेजारच्या शास्त्रज्ञाला जे सांगतो ते त्याला आधीच माहीत असतं. सांगायचं असतं आपल्याला. तुम्ही २५ वर्षं टूलरूममध्ये काढलीत. पाळी बदलताना एक ऑपरेटर दुसऱ्याला 'फिक्स्चर जरा ढिलं वाटतंय, दोनदा झिरो करून घे' एवढंच सांगतो आणि समोरच्याला पूर्ण चित्र उभं राहतं, हे तुम्ही हजारदा अनुभवलंय. अशा बोलण्याला सिनेमात सहसा जागा नसते. 'प्रायमर'ने ती दिली आणि तुम्हाला घरी आल्यासारखं वाटलं. यात दिखाऊ काय आहे? दिखाऊपणा करायला बघणारा लागतो; रात्री एक वाजता इयरफोन घालून, बायकोची बोलणी खाऊन कोण दिखावा करतं?

पण मग याच्याच पुढची पायरी चढा. तुम्हाला तो भावला तो तुमचं डोकं जास्त चालतं म्हणून नव्हे, तर ते बोलणं तुमच्या ओळखीचं होतं म्हणून. शेजाऱ्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांच्या कानावर तो नुसता आवाज पडला, तोही अमेरिकन इंग्रजीत, भरभर. खाली सबटायटल्स होती म्हणता. बोलण्यावर चालणारा सिनेमा परक्या भाषेत बघणं म्हणजे सव्वा तास वाचन करणं. दिवसभर साठ वह्या तपासून आलेल्या बाईंना तुम्ही रात्री गच्चीवर आणखी एक वही तपासायला दिलीत!

'लोकांना ऐकायचा धीर उरलेला नाही' हे तुमचं वाक्य मला नाशिकच्या पत्त्यावरून आलेल्या पत्रात तर अजिबात पटलं नाही. हे कुसुमाग्रजांचं आणि कानेटकरांचं गाव. कालिदास कलामंदिरात माणसं तिकीट काढून, अडीच तास खुर्चीत बसून, दिवाणखान्याच्या एकाच नेपथ्यात चाललेलं बोलणं ऐकतात, आणि मध्यंतरात बटाटेवडा खाताना त्यावर भांडतात. तुमच्याच पत्रात तिसऱ्या पानावर सहज एक ओळ आलीय, की वहिनी राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली की सायखेडकर नाट्यगृहात जातात, 'कसलीही नाटकं असोत'. हौशी मंडळींची लागोपाठ दहा-पंधरा नाटकं बघणाऱ्या बाईंचा ऐकण्याचा धीर तुमच्या-माझ्यापेक्षा दांडगा आहे. त्यांना 'गोडी लावायची' भाषा तेवढी सोडून द्या. अनोळखी दोन-चार माणसं एका खोलीत काय बोलतात आणि त्यातून काय उलगडतं, हे बघण्यात त्या तुमच्या पुढे आहेत. फक्त त्याला त्या विज्ञानपट म्हणत नाहीत.

अजून एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात : सिनेमा तुम्ही चारदा थांबवलात, 'आता काय झालं ते कळलं का?' असं विचारायला. काका (वयाने तुम्ही माझ्याहून लहान असाल, पण त्या क्षणी तुम्ही काकाच झालात), ही तोंडी परीक्षा झाली. तुम्ही स्वतः तो कितव्यांदा बघत होता? पाचव्यांदा? आपल्या पाचव्या खेपेशी दुसऱ्याची पहिली खेप ताडून बघायची नाही. तुम्ही विचारताय की लोक नापास का होतात. मला विचाराल तर त्यांना परीक्षेला बसायचंच नव्हतं. ते गार हवेत गच्चीवर बसायला आले होते.

आता या सिनेमांत एवढं धरून ठेवणारं असतं तरी काय, याबद्दल थोडं. तुमच्यासाठीच नव्हे, घरात असा एखादा इयरफोनवाला असलेल्या इतर वाचकांसाठीही.

कीर्तनकाराकडे काय असतं? उपरणं, हातात चिपळ्या, मागे पेटी-तबला. पण तो 'मारुतीने उड्डाण केलं' म्हणतो आणि देवळाच्या सभामंडपात समुद्र येतो. तो समुद्र ऐकणाऱ्याने आणलेला असतो, म्हणून तो खोटा वाटत नाही. २००७चा 'द मॅन फ्रॉम अर्थ' हेच करतो. एक प्राध्यापक घर सोडून निघालाय, सामान बांधून झालंय, सहकारी निरोप द्यायला जमलेत, आणि तो म्हणतो की मी चौदा हजार वर्षं जगतोय. जमलेल्यांत जीवशास्त्राचे, मानववंशशास्त्राचे, पुरातत्त्वाचे जाणकार आहेत. ते त्याची उलटतपासणी करतात. पुरावा एकही नाही, नुसता शब्द. त्याने गुहेतली रात्र पडद्यावर दाखवली असती तर आपण चटकन म्हणालो असतो, मेकअप बरा नाही. तो फक्त सांगतो, आणि आपण विश्वास ठेवायचा की नाही याच्या कात्रीत सापडतो. लेखक जेरोम बिक्सबी याने ही पटकथा १९९८ मध्ये अखेरच्या आजारपणात पूर्ण केली. सिनेमा झाला त्यानंतर नऊ वर्षांनी, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर, दोन लाख डॉलरमध्ये. पुढे त्याचं नाटकही झालं, यात नवल ते काय. तो होताच नाटक.

'द व्हास्ट ऑफ नाइट' (२०१९) त्याहून धीट आहे. १९५०च्या दशकातलं अमेरिकेतलं छोटं गाव, टेलिफोन एक्स्चेंजवर काम करणारी मुलगी, रेडिओवर निवेदन करणारा मुलगा आणि तारेतून येणारा एक विचित्र आवाज. त्यात एक जण फोनवरून आपली हकिकत सांगतो तेव्हा मध्येच पडदा चक्क काळा होतो. चित्र नाही. फक्त आवाज. ज्यांनी लहानपणी अंधारात आकाशवाणीवरची श्रुतिका ऐकलीय त्यांना हे नवं वाटणार नाही. माझे वडील श्रुतिका लागली की दिवा मालवायचे. आम्ही समजायचो वीज वाचवतायत.

मात्र तुमच्या पत्रात 'कमी खर्चातले' हा शब्द सात वेळा आलाय, आणि दर वेळी बिरुदासारखा. तिथे मी थोडी अडते. पैसा नसणं हा गुण नव्हे. कमी खर्चातले, खोलीत बसून बोलणारे विज्ञानपट ढिगाने आहेत आणि त्यांतले पुष्कळ कंटाळवाणे आहेत. पात्रं आळीपाळीने काळ आणि विश्व यांवर भाषणं देतात आणि शेवटी दिवा लुकलुकतो. तुम्हाला आवडलेले चांगले का झाले? पैसा नसल्यामुळे त्यांना एकच प्रश्न निवडावा लागला आणि त्यालाच चिकटून राहावं लागलं. असा धाक नसला की दहा कल्पना येतात, आणि दहापैकी एकीचंही पुढे काय होतं ते कुणी विचारत नाही. 'मोठे सिनेमे बिनडोक' असं घरात म्हणत असाल तर तेही जरा आवरा. मुलगा मित्रांबरोबर कॉलेज रोडवरून मल्टिप्लेक्सला जातो, त्या आनंदाला तुम्ही तुच्छ म्हणायचं आणि मग त्याने तुमच्या आनंदाला मीटिंग म्हटलं की वाईट वाटून घ्यायचं, हे बरोबर नाही.

मग करायचं काय?

एकट्याने बघत राहणं हा काही वाईट मार्ग नाही. प्रत्येक आवड घरभर वाटली पाहिजे असं कुठे आहे? कुणी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढतं, कुणी गोदाकाठी एकटंच बसतं. फक्त रात्री एक वाजेपर्यंतच्या जागण्याचं तेवढं बघा. वहिनींची कुरबुर सिनेमावर आहे असं तुम्ही धरून चाललायत. मला ती, दिवसभर कंपनीत असलेला माणूस रात्रीही शेजारी असून नसतो, यावर वाटते. आठवड्यातला एक वार ठरवून टाका, शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवसाचा. बाकीचे दिवस इयरफोन ड्रॉवरमध्ये.

आणि कधी कुणाला दाखवायचंच असेल तर माणूस बघून सिनेमा निवडा. 'प्रायमर' कुणालाही पहिला दाखवू नका, अगदी इंजिनिअरलाही. वहिनींसाठी 'द मॅन फ्रॉम अर्थ'. पण विज्ञानपट म्हणून नव्हे, 'एक माणूस खोटं बोलतोय की खरं, मला ठरवता येत नाही, तू सांग' एवढंच म्हणून. त्या पुरावे तपासतील, आणि तुमच्यापेक्षा बारकाईने. तो संपल्यावर तुमचं मत लगेच मांडू नका. चहा करा. चहा तुम्ही करा.

शेजाऱ्यांना पुन्हा बोलवायचं धाडस केलंत तर 'कोहेरन्स' (२०१३). आठ मित्र जेवायला जमलेत, आकाशातून धूमकेतू जातोय, दिवे जातात, आणि रस्त्यापलीकडे एकाच घरात दिवा दिसतो. ते घर कुणाचं, हे मी सांगत नाही. जेम्स वॉर्ड बर्किट या दिग्दर्शकाने तो स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित केला. नटांना संवाद लिहून दिलेच नव्हते. प्रत्येकाला रोज आपापल्यापुरती चिठ्ठी मिळायची आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे ते ठाऊक नसायचं. त्यामुळे त्यांचं एकमेकांना तोडत बोलणं, जुनी उणीदुणी काढणं हुबेहूब आपल्या फराळाच्या बैठकीसारखं झालंय. कुणाच्या भूतकाळात कोण होतं हे निघायला लागलं की उठून जायची कुणाची टाप नसते, पाणी कितीही लवकर येवो.

चिरंजीवांना जपानचा 'बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स' (२०२०). क्योटोतला एक छोटा कॅफे, वर मालकाची खोली. वरच्या पडद्यावर खालचं दोन मिनिटांनंतरचं दिसायला लागतं. एका नाटक कंपनीने केलेला, मोबाइलवर चित्रित केलेला, सत्तर मिनिटांचा, आणि धमाल विनोदी. पोरांना फोनवर असं काही करता येतं हे दिसलं की पुढचे प्रश्न तेच विचारतात. यांतलं कोणतं कुठल्या ओटीटीवर आहे ते बदलत असतं, तेव्हा शोधून, भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घ्या.

बाकी नियम साधे. आठला सुरू, साडेनऊला संपलेला. थांबवायचा नाही. कुणाला झोप लागली तर पांघरूण घालायचं. आणि दोन सिनेमे तुम्ही दाखवलेत की एकदा सायखेडकरला वहिनींच्या शेजारी बसायचं, घड्याळ न बघता.

आता ता.क.

मी हे पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या दोन ओळींवर थांबले. चार पानं घरच्यांबद्दल, प्रोजेक्टरबद्दल, आणि चाळीस पानांच्या कथेबद्दल दोन ओळी! गच्चीवर चादर ताणून तुम्ही बहुधा 'प्रायमर' दाखवतच नव्हतात. 'असलं काही मी लिहिलं तर तुम्ही बघाल का?' असं विचारत होता, आणि शेजारी उठले तेव्हा नकार तुमच्या कपाटातल्या पानांना मिळाला. म्हणून तो एवढा झोंबला. चुकत असेन तर सांगा.

तुमच्या गावाला ही वाट नवी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय चित्रित केलं होतं? कुंडीतलं वाटाण्याचं रोप. रोज थोडी थोडी फिल्म फिरवायची, असं महिनाभर. आणि पडद्यावर रोप बघता बघता वाढलं. ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. एक कुंडी आणि काळाशी केलेली लबाडी. तुम्हाला वेगळं काय करायचंय? आणि २०२१ मध्ये तुमच्याच शहरात झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर. त्यांनी पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येईल म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. जगभर नाव झालेल्या माणसालाही पहिली कथा नाव लपवून द्यावीशी वाटते, तर तुमचं कपाट मला समजू शकतं. पण त्यांनी ती पाठवली. आणि एका माणसाला तरी ती आधीच माहीत होती, घरातल्याच.

तेव्हा ती चाळीस पानं वहिनींना द्या. विज्ञान कळतं का हे तपासायला नव्हे. 'ही दोन माणसं खरी बोलतायत का?' एवढंच विचारायला. मराठीच्या शिक्षिका आणि नाटकाच्या पक्क्या प्रेक्षक. याहून चांगला वाचक तुम्हाला पैसे मोजून मिळणार नाही. लाल पेन हातात घेतलं तर घेऊ द्या.

मग वीस पानं काढून टाका. एकांकिकेएवढं करा. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरलेला एखादा फिटर नाहीतर स्टोअरकीपर तुमच्या ओळखीत निघेलच. अशा दोघांना घरी बोलावून नुसतं वाचन करा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. जिथे कंटाळा येईल तिथे खूण. हे बिनपैशांचं आहे आणि यात अर्धा सिनेमा होऊन जातो. चित्रीकरणाच्या गोष्टी त्यानंतर. तेव्हा पैसे कॅमेऱ्यावर नको, फोन पुरेल. ते आवाजावर घाला. कॉलरला लावायचे दोन बरे माइक घ्या, आणि खोलीतला पंखा, फ्रिज बंद करा. बोलण्यावरचा सिनेमा अंधुक दिसला तरी चालतो, अस्पष्ट ऐकू आला की संपला. आणि कंपनीत चोरून शूटिंग करायला जाऊ नका, नोकरीवर यायचं. दोन स्टुलं, एक टेबल, एक प्रिंटर आणि बाहेरून यंत्राची घरघर एवढ्यावर टूलरूम उभी राहते. भाषा मात्र तिथलीच ठेवा. ऑफसेट, बोअर, रिजेक्शन, काहीही समजावून सांगू नका. ते तुम्ही 'प्रायमर'कडून शिकलाच आहात.

कथेबद्दल एकच विचारते, कारण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पहाटे तीनला यंत्र रिपोर्ट देतं की बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, बारा मायक्रॉनने मोठा आहे, आणि जॉब तर अजून कापलेलाच नाही. दोघांपैकी एक म्हणणार, आत्ताच ऑफसेट (यंत्रातली मापाची दुरुस्ती) बदल, जॉब वाचव. दुसरा म्हणणार, तू ऑफसेट बदलणार आहेस म्हणूनच कदाचित तो मोठा निघालाय. सकाळी सातला पहिली पाळी येणार, त्याच्या आत ठरवायचं. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणेल, झोपला होतात का. तुमचे ते दोघे ऑफसेट बदलतात की नाही? आणि सातला जॉब मोजतात तेव्हा माप किती येतं? पुढच्या पत्रात तेवढं कळवा. वहिनींचं पेन फिरून झाल्यावर.